इचिरो सुझुकीबद्दल नीट माहिती हवी

प्रश्न (चोपडा): माझी पोरगी जळगावला सॉफ्टबॉल खेळते. अंगानं काडी. "तुझ्या फटक्यात दम नाही" असं कोणी बोललं, परवा रडतच घरी आली. तिचे सर म्हणाले, इचिरोचं वाच. कोण हा?

उत्तर: दादा, जपानी बेसबॉलपटू. तिथे नऊ मोसम गाजवून २००१ मध्ये, २७व्या वर्षी, अमेरिकेत सिएटल मरिनर्स संघाकडे गेला. पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही! २००४ मध्ये एका मोसमात २६२ हिट (म्हणजे चेंडू टोलवून बेस, धावताना गाठायचा टप्पा, गाठणं). १९२० पासूनचा २५७ चा विक्रम मोडला. होमरनवर, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवण्यावर, त्याची भिस्त नव्हतीच. चेंडू मोकळ्या जागेत ढकलायचा अन् सुसाट पळायचा. डावखुरी फलंदाजी, म्हणजे पहिला बेस दोन पावलं जवळ. पोरीला पळायला लावा.

उत्तर: बॅट-ग्लोव्हला तो फार जपायचा. ग्लोव्ह स्वतः पुसायचा. मला तर हेच जास्त भावतं.

प्रश्नकर्ता: वाचून दाखवलं. मी अंगणात भरताची वांगी भाजत होतो, ती शेजारी बसून ग्लोव्हच्या शिवणीतली माती काडीनं काढत होती. मग विचारलं, "पप्पा, डाव्या हातानं खेळून पाहू?"