घरातच असतो, म्हणून लस नको?

'फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) घराबाहेर जातच नाही, मग लस कशाला?' हा तुमचा प्रश्न मलाही पडला होता. पण कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार फेरेटला झाला तर तो जवळजवळ वाचतच नाही, आणि विषाणू आपल्या बुटा-कपड्यांवरूनही घरात येऊ शकतो. त्यामुळे ती लस मी टाळणार नाही.

मात्र कुत्र्यांची एकत्रित (एकाच सुईत अनेक आजारांवरची) लस सरसकट टोचू देऊ नका. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दुर्मिळ काळ्या पायांच्या फेरेटना डिस्टेंपरची जिवंत (कमजोर केलेला विषाणू असलेली) लस दिली, तर सहापैकी चार लसीमुळेच दगावले! पाळीव जात वेगळी, तरी फेरेटसाठीचीच लस मागा.

रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, मग दरवर्षी. अमेरिकेत काही ठिकाणी ती सक्तीचीच आहे. (कॅलिफोर्नियात तर फेरेट पाळायलाच बंदी, तिथे प्रश्नच मिटला.)

रिअॅक्शनची भीती मात्र खोटी नाही. उलट्या, रक्ताचे जुलाब, हिरड्या पांढऱ्या पडणं हे बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसतं. म्हणून दोन्ही लसी एकाच दिवशी देऊ नका, दोन-तीन आठवडे जाऊ द्या, आणि टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा. आधी कधी रिअॅक्शन आली असेल तर डॉक्टरांना सुई टोचण्यापूर्वीच सांगा.