मुलीचं नाव ‘आनंदी’ ठेवायचंय, पण ‘ध चा मा’ आडवा येतोय

बोरीकाठची

बाळंतीण आहे, एका हाताने टाइप करतेय, चुका समजून घ्या. नऊ दिवसांची लेक मांडीवर झोपलीय. रविवारी बारसं.

मला तिचं नाव आनंदी ठेवायचंय. माझ्या आजीचं नाव. गेल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठ दिवस आधी ती गेली. घरात झोका बांधायची तयारी चालली होती, दोर तसाच खुंटीला राहिला.

आजी बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली. पदरात तीन लेकरं, अमळनेर तालुक्यात दोन एकर कोरडवाहू. लोकांच्या शेतात कापूस वेचून तिने तिघांना वाढवलं, आणि पुढे धुळ्याच्या होस्टेलची माझी फी भरायला हातातल्या पाटल्या मोडल्या. कुणी कीव केली की म्हणायची, “मन्हं नाव आनंदी शे, मी कसाले रडू?”

ती शाळेत गेली नव्हती. लग्नात आलेल्या पितळी हंड्यावर तिचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं. कोरणाऱ्याने दीर्घ वेलांटीऐवजी ऱ्हस्व दिली होती: ‘आनंदि’. त्या हंड्यावर बोट फिरवत, चुलीतल्या कोळशाने ओट्यावर गिरवत ती सही करायला शिकली. बँकेत अंगठा द्यायची ती पासष्टाव्या वर्षी सही करायला लागली, आणि शेवटपर्यंत सहीत ‘आनंदि’च लिहीत राहिली. त्याच हंड्यातल्या पाण्याने आई रोज माझ्या लेकीला न्हाऊ घालते.

आता अडचण. सासरी जळगावला नाव कळवलं तर चुलत सासरे (इतिहास शिकवायचे, आता निवृत्त) म्हणाले, “दुसरी नावं नाहीत का? नारायणरावाचा जीव घेणारीचं नाव घरात आणायचं?” तेवढ्यावर मी गप्प बसले असते. पण काल नणंदेचा फोन आला. बाळाच्या कानात नाव तिला सांगायचंय. रडवेली होऊन म्हणाली, “वहिनी, काकांनी असं म्हटल्यापासून माझ्या तोंडातून ते नाव निघेना झालंय. पहिलं नाव मी घ्यायचं आणि ते अपशकुनी निघालं तर?” तिचं माझ्या लेकीवर फार प्रेम आहे, म्हणून तिला हट्टीही म्हणवत नाही.

नवरा म्हणतो, तू ठरव. मला मनापासून विचारायचंय: या नावाच्या मुलीला खरंच त्रास होतो का? की मी आजीच्या मायेपोटी लेकीच्या गळ्यात काहीतरी अडकवतेय?

धुळ्याची आनंदी

ताई, मी स्वतः आनंदी, वय ४१. खरं सांगते, त्रास झाला. सातवीत इतिहासाच्या तासाला नारायणरावांचा खून शिकवला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर खडूने ‘धरावे’ लिहून, त्यातला ध खोडून वर मा केलेला. सहामाहीपर्यंत ते चाललं. त्या दिवसांत मी डबा एकटीने खायचे. घरी सांगितलं नाही, कारण नाव वडिलांनी हौसेने ठेवलेलं.

मग एकदा आईला कळलं. तिने मला समोर बसवून डॉक्टर आनंदीबाई जोशींची सगळी हकीकत सांगितली. जन्म १८६५, चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं, त्या दुःखातून डॉक्टर व्हायचं ठरवलं. नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिका गाठली, १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली, आणि २२ वर्षं पुरी व्हायच्या आत १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेल्या. मी दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून ते सांगितलं. चिडवणं त्याच दिवशी बंद झालं असं नाही, पण माझी मान खाली जायची ती थांबली.

आज मी नर्स आहे. प्रसूतीच्या वॉर्डात बायका नाव विचारतात आणि नाव ऐकून हसतात, बरं वाटल्यासारखं. नाव ठेवा, पण लेकीला ही हकीकत सातवीच्या आधी सांगा. मला ती उशिरा कळली.

रावेरहून

काकांनी विषय काढलाच आहे तर नीट बोलू.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारलं. पेशवा अवघा अठरा वर्षांचा, काका रघुनाथरावांच्या कमरेला मिठी मारून बसला तरी वाचला नाही, असं सांगतात. चौकशी केली रामशास्त्री प्रभुण्यांनी. त्यांनी दोषी ठरवलं ते रघुनाथरावांना, आणि रघुनाथराव गादीवर असताना तोंडावर तसं सांगून ते पुणं सोडून गेले. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी चिठ्ठीतल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केल्याची गोष्ट मात्र सांगोवांगी, नाटकांतून, शाळेच्या बाकांवरून पसरली. ज्याच्यावर न्यायाधीशाने ठपका ठेवला तो बाजूला राहिला आणि म्हण झाली बाईच्या नावावर.

पुढचं आयुष्य त्या बाईने कसं काढलं हेही पाहा. १७८३ मध्ये कोपरगावला नवरा गेला, त्यानंतर मुलांसह कैदेत, आधी कोपरगाव, मग नाशिकजवळ आनंदवल्ली. १७९४ मध्ये कैदेतच मरण. त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव जून १८१८ मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झाला तो आमच्या इथून जवळच, असीरगडापाशी. मी त्या वाटेने बऱ्हाणपूरला जातो तेव्हा दर वेळी हे आठवतं.

आता मला सांगा, आपल्या खानदेशात एक तरी गाव आहे का जिथे रघुनाथ नावाचा माणूस नाही? आमच्या भाऊबंदकीतच चार आहेत. राघोबादादांमुळे ते नाव कुणी टाकल्याचं मी ऐकलं नाही. आनंदीच का टाकायची?

शहाद्याचे अप्पा

बेटा, मी वेगळं सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस. विभीषण रामाच्या बाजूने उभा राहिला, तरी कुणी पोराचं नाव विभीषण ठेवतं का? लोक न्याय करत बसत नाहीत, ऐकलेलं लक्षात ठेवतात. नाव तू ठेवणार, पण ऐकून घेणार ती पोर. सासरी कुणाशी वाजलं की पहिला शब्द तोच येणार, “आनंदीबाई आहे नुसती!” हे मी माझ्या बहिणीच्या सुनेच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय. पाळण्यातलं नाव आनंदी ठेव आणि कागदावर नंदिनी कर. आजीही राहील.

धुळ्याची आनंदी

अप्पा, तुमचं म्हणणं मी भोगलंय, त्यामुळे खोटं म्हणणार नाही. पण दोन नावांची मुलगी घरात एक आणि बाहेर एक होते. मला विचाराल तर एकच ठेवा, कोणतंही ठेवा.

नोंदणी खिडकी

नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात २२ वर्षं काढली, म्हणून कामाचं सांगतो. रविवारपर्यंत ठरलंच पाहिजे अशी कायद्याची घाई नाही. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे, पण ती बाळाच्या नावाशिवाय होते. नाव वर्षाच्या आत विनाशुल्क टाकता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. मात्र एकदा नोंदलेलं नाव बदलायला निघालात तर चपला झिजतात. दवाखान्यात घाईघाईने पेनाने लिहून देऊ नका. आणि बाळ अमळनेरच्या दवाखान्यात झालं असेल तर दाखला तिथल्या नगरपालिकेतून मिळेल, माहेरच्या ग्रामपंचायतीतून नाही. यात लोक फार फिरतात.

वेलांटी तपासून घ्या. पुढे दहावीच्या फॉर्मला तीच रडवते.

बोरीकाठची

काल बारसं झालं. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, म्हणून कसं झालं ते सांगते.

रावेरच्या दादांचं वाचलं आणि लग्नाची पत्रिका काढून पाहिली. चुलत सासऱ्यांच्या नावात मधे रघुनाथ! माझ्या आजेसासऱ्यांचं नाव. पाच वर्षं त्या घरात आहे, फोटोला हार मी घालते, आणि हे डोक्यात आलं नव्हतं.

मला चारचौघांत ते काकांच्या तोंडावर फेकायचं नव्हतं. नवऱ्याने त्यांना ओसरीवर नेऊन हळूच काढलं. काका म्हणाले, “रघुनाथ म्हणजे प्रभू रामचंद्र.” नवरा म्हणाला, “मग काका, आनंदी म्हणजे आनंदी.” काका बराच वेळ सुपारी कातरत बसले. हो म्हणाले नाहीत. पण बायका पाळण्याखालून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ करायला लागल्या तेव्हा पुढे येऊन पाळण्याची दोरी त्यांनी धरली.

नणंदेला मी आदल्या दिवशीच बोलावून घेतलं होतं. तिला हंडा दाखवला. ती त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत बसली. एक ठिपका निसटून वर गेलाय, आजीच्या सहीतही तिथे रेघ उडायची, ते तिला पासबुकावर दाखवलं. मग तीच म्हणाली, “एवढ्या कष्टाने लिहिलेलं नाव मी वाया कशी घालवू?”

कानात कुर्रर्र केलं तेव्हा लेक दचकून रडली, म्हणून तिने नाव दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. घुगऱ्या संपेपर्यंत चार जणींनी ‘ध चा मा’ विचारलंच. अप्पा, तुमचं खरं आहे, विचारणारे विचारतातच. नंदिनीवर दोन रात्री विचार केला, नाही जमलं. धुळ्याच्या ताई, डॉक्टर आनंदीबाईंची गोष्ट तिला झोक्यावर सांगायला सुरुवात करणार आहे, येत्या आखाजीला. तोवर ती वर्षाचीही झालेली नसेल, पण दोर खुंटीलाच आहे.

उद्या नगरपालिकेत फॉर्म देऊ. दीर्घ वेलांटी तीनदा तपासली. हंड्यावरची तशीच राहू दिलीय, कल्हई करायला दिला तर कल्हईवाल्याला बजावायचं, बाहेरून घासू नको.