गेस्ट वायफायवर मेल येतात, पण जात नाहीत : मदत हवी आहे

नमस्कार. नागपुरात धंतोलीतील एका मध्यम आकाराच्या हॉटेलची नेटवर्क व्यवस्था मी पाहतो. हिवाळी अधिवेशनाच्या काळात आमच्याकडे कामानिमित्त आलेले पाहुणे बरेच असतात आणि त्यांतील काहींची तक्रार ठरलेली असते : खोलीतल्या वायफायवर मेल येतात, मात्र पाठवलेले मेल आउटबॉक्समध्येच अडकून पडतात.

ही तक्रार सर्वांची नाही, हे आधी सांगतो, कारण निदानासाठी मला तेच महत्त्वाचे वाटते. ब्राउझरमध्ये मेल उघडणाऱ्यांना किंवा जीमेल, आउटलुक यांची मोबाइल ॲप वापरणाऱ्यांना काहीच अडचण येत नाही, कारण ती सारी ये-जा ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून (म्हणजे विशिष्ट सेवेसाठी ठरलेल्या क्रमांकाच्या दारातून) होते. अडतात ते लॅपटॉपवरील थंडरबर्ड किंवा आउटलुकमध्ये स्वतःच्या कंपनीच्या डोमेनचे खाते जोडलेले लोक. तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला की मेल तत्काळ निघून जातो, त्यामुळे पासवर्ड चुकीचा असण्याची शंका उरत नाही. (आणि मग "तुमचे वायफायच बोगस आहे" हे रिसेप्शनवरच्या मुलांना ऐकून घ्यावे लागते.)

आमचे गेस्ट नेटवर्क कार्यालयापासून वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच उपकरणांवरील स्वतंत्र आभासी नेटवर्कवर) आहे. तेथून बाहेर जाण्यासाठी डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) ५३, वेबचे ८० व ४४३ आणि मेल उतरवून घेण्याचे ९९३ व ९९५ एवढेच पोर्ट खुले होते. पाठवण्याचे २५, ४६५ आणि ५८७ हे तिन्ही पोर्ट बंद होते. मेल येतो पण जात नाही, याचे कारण इथवर स्पष्ट आहे. म्हणून २५ तसाच बंद ठेवून ४६५ आणि ५८७ मी चाचणीसाठी उघडले. ज्यांचे खाते ४६५ वर होते त्यांचे मेल लगेच जाऊ लागले, पण ५८७ वाल्यांना आता 'सर्व्हर एन्क्रिप्शनला पाठिंबा देत नाही' अशा अर्थाचा संदेश दिसतो.

खरा पेच येथे आहे. एकाच मेल सर्व्हरला ५८७ वर टेलनेटने (आज्ञा हाताने टंकून पाहण्याच्या साधनाने) जोडून ईएचएलओ ही सर्व्हरला त्याच्या सुविधा विचारणारी आज्ञा दिली असता कार्यालयाच्या नेटवर्कवर उत्तराच्या यादीत 'स्टार्टटीएलएस' ही, एन्क्रिप्शन सुरू करता येते असे सांगणारी ओळ येते, तर गेस्ट नेटवर्कवर त्याच जागी नुसती 'एक्स' अक्षरांची रांग दिसते. फायरवॉलमधील एसएमटीपी (मेल पाठवण्याच्या पद्धतीची) तपासणी ही सुविधा मधल्या मध्ये ती ओळ पुसत असावी, असा माझा तर्क आहे. ४६५ वर जोडणी पहिल्या क्षणापासूनच एन्क्रिप्टेड असल्याने तेथे तिला हात घालता येत नाही. मला अधिक काळजी वाटते ती 'शक्य असल्यास एन्क्रिप्शन' असा पर्याय निवडलेल्या खात्यांची, कारण ती ओळ दिसली नाही तर अशा खात्यांचा पासवर्ड कोणताही इशारा न देता उघडा जाऊ शकतो.

ही तपासणी केवळ गेस्ट व्हीलॅनपुरती बंद केल्यास सुरक्षेच्या दृष्टीने नेमके काय गमवावे लागेल? २५ बंदच असेल आणि ५८७ वरचा मजकूर एन्क्रिप्टेड होणार असेल, तर तपासण्यासारखे तेथे काही उरत नाही असे मला वाटते. तरीही ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांचे मत हवे आहे.

दुसरा प्रश्न स्टॅटिक आयपीचा, म्हणजे इंटरनेटवरील न बदलणाऱ्या पत्त्याचा. पाहुणे आणि आमचा स्वतःचा मेल सर्व्हर एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर पडतात. एखाद्या पाहुण्याच्या लॅपटॉपमधील व्हायरसने २५ वरून स्पॅमचा मारा केला, तर तो पत्ता स्पॅमहॉससारख्या, स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीत जाईल आणि आमच्याच बुकिंगच्या पावत्या ग्राहकांकडून परत येऊ लागतील. म्हणूनच मालकांचा आग्रह असूनही २५ उघडण्यास माझा ठाम विरोध आहे. ५८७ व ४६५ वर सर्व्हर लॉगिन मागतो आणि मेल पाहुण्याच्या स्वतःच्या सर्व्हरवरून पुढे जातो, त्यामुळे तेथे हा धोका बराच कमी आहे. अशा स्थितीत पाहुण्यांसाठी दुसरा स्टॅटिक आयपी घेण्याचा मासिक खर्च करावा काय?

शेवटची अडचण तांत्रिक कमी आणि व्यवहाराची जास्त आहे. काही पाहुण्यांची खाती अजूनही २५ वरच आहेत. त्यांनी ५८७ किंवा ४६५ करून घ्यावे, हे खोलीतल्या वायफायच्या कार्डावर चार ओळींत समजेल असे आपण कसे लिहिता? कोणाकडे असा तयार मजकूर असल्यास कृपया येथे द्यावा.