पिलाटीजच्या पहिल्या वर्गाला जाण्यापूर्वी

सायली_४९
दिवसाचे आठ तास कार्यालयातील खुर्चीवर जातात आणि गेल्या वर्षभरापासून सकाळी उठताना कंबर धरते. डॉक्टरांनी तपासून गंभीर काही नसल्याचे सांगितले व पोटापाठीचे स्नायू बळकट करण्याचा सल्ला दिला. घराजवळ पिलाटीज या व्यायामप्रकाराचे दोन वर्ग आहेत. एक साध्या मॅटवरचा आणि दुसरा रिफॉर्मर नावाच्या यंत्रावरचा, ज्याचे शुल्क जवळजवळ तिप्पट आहे. मी अधूनमधून योगासने करते. पिलाटीजमध्ये त्याहून वेगळे काय असते, आणि यंत्रासाठी एवढे पैसे मोजावेत का?

निवांत
पिलाटीज हे एका माणसाचे आडनाव आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. जोसेफ पिलाटीज यांचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला. लहानपणी ते दम्याने बेजार असत. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून इंग्रजांनी त्यांना स्थानबद्ध केले होते, आणि त्या छावणीत त्यांनी आपली पद्धत पक्की केली. रुग्णांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्यांनी व्यायाम करवून घेतला, असेही सांगतात. पुढे १९२६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले आणि तेथे दुखापत झालेले नर्तक त्यांच्याकडे येऊ लागले. आपल्या पद्धतीला ते स्वतः ‘कंट्रोलॉजी’ म्हणत, आणि मला विचाराल तर तेच नाव अधिक नेमके आहे.

योगासनांशी तुलना करायची तर आसनात आपण एका स्थितीत जाऊन स्थिरावतो, येथे मात्र हालचाल सहसा थांबत नाही. धड स्थिर ठेवून हातपाय हलवायचे आणि त्या वेळी कंबर डगमगते का, याकडे लक्ष द्यायचे. श्वासही निराळा असतो. पोट फुगवून श्वास घेण्याऐवजी खालच्या बरगड्या दोन्ही बाजूंना व पाठीकडे पसरवायच्या, आणि सोडताना ओटीपोट हलकेच आत घ्यायचे. मला हे जमायला तीन आठवडे लागले, आणि सूर्यनमस्कारांची सवय असल्याचा फायदा होण्याऐवजी सुरुवातीला अडथळाच झाला.

वर्षभराची_विद्यार्थिनी
यंत्राबद्दल लिहिते. रिफॉर्मर म्हणजे रुळांवर पुढेमागे सरकणारी गादी, जिला स्प्रिंगा जोडलेल्या असतात. कमी स्प्रिंगा म्हणजे सोपा व्यायाम, असा माझा समज पहिल्याच दिवशी खोटा ठरला. झोपून पायांनी दांडा ढकलताना जास्त स्प्रिंगा जड जातात हे खरे. पण गुडघे गादीवर टेकून आणि हात दांड्यावर ठेवून ती सरकवायची असेल, तर स्प्रिंग जितकी हलकी तितका आधार कमी आणि पोटाला काम अधिक. मॅटवर असा आधारच नसतो, त्यामुळे स्वस्त वर्ग सोपा असेलच असे नाही. माझे मत असे की, बारा जणींच्या यंत्रवर्गापेक्षा पाच जणींचा मॅटचा वर्ग केव्हाही बरा, कारण शिक्षिकेची नजर आपल्यावर पडणे यालाच खरे मोल आहे. तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे मात्र घेऊन जा. बहुतेक ठिकाणी ते सक्तीचे असतात.

सायली_४९
आपणा दोघांचे आभार. म्हणजे मॅटपासून सुरुवात करते. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत हाडांची घनता कमी निघाली होती आणि तेव्हापासून गोळ्या सुरू आहेत. त्याने येथे काही फरक पडतो का?

फिजिओ_कोल्हापूर
सायलीताई, फार फरक पडतो, आणि ही गोष्ट शिक्षिकेला पहिल्या वर्गाच्या आधीच सांगायला हवी. पिलाटीज यांच्या १९४५ च्या पुस्तकात मॅटवरचे ३४ व्यायाम आहेत आणि त्यांतील बऱ्याच व्यायामांत पाठ पुढे वाकवून गोल करावी लागते. घनता कमी असताना असे वाकल्याने मणक्यांच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि तो भाग दबून अस्थिभंग होऊ शकतो. म्हणून झोपलेल्या स्थितीतून पाठ गोल करत उठून बसणे, चेंडूसारखे मागेपुढे लोळणे आणि पाय डोक्यापलीकडे नेणे हे तिन्ही प्रकार आपण टाळावेत. पहिलाच प्रसिद्ध व्यायाम ‘हंड्रेड’ घ्या. त्यात डोके व खांदे उचलून हात शंभर वेळा वरखाली करायचे असतात, पाच ठोके श्वास घेत आणि पाच सोडत, अशी दहा आवर्तने. आपण तो डोके मॅटवर टेकवून करावा. श्वासाचे व पोटाचे काम तसेही होते. पालथे झोपून छाती थोडी उचलणे, कुशीवर झोपून पाय उचलणे, उताणे झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे (म्हणजे ‘पूल’) हे मात्र सहसा चालते. तपासणीचा अहवाल एकदा आपल्या डॉक्टरांना दाखवून मगच प्रवेश घ्यावा.

शिक्षिकेचे प्रशिक्षण किती तासांचे झाले आहे, हेही निःसंकोच विचारा. ‘पिलाटीज’ हे नाव कोणा एकाची मालमत्ता नाही, असा निकाल अमेरिकेतील न्यायालयाने २००० साली दिला. त्यामुळे पाटीवरच्या नावावरून शिकवणाऱ्याच्या तयारीचा अंदाज येत नाही. घनता कमी असल्याचे सांगितल्यावर ‘काही होत नाही, हळूहळू करा’ एवढेच उत्तर मिळाले, तर दुसरा वर्ग शोधावा. कोणते व्यायाम वगळणार आणि त्यांच्या जागी काय देणार, हे त्यांनी स्वतःहून सांगितले, तर शुल्क भरायला हरकत नाही.