घोडा दोरीवर चालत नाही, ओढलं की पुढचे पाय उचलतो. मदत हवी आहे

चिरेखाण_डिचोली
घोडा आणला आहे. नुकरा, म्हणजे पांढरा, कान मारवाडी. वर बसायची घाई नाही, आधी ग्राउंडवर्क, म्हणजे खाली उभं राहून शिकवणं, पक्कं करावं असं वाचलं म्हणून व्हिडिओ बघून सुरुवात केली. पहिल्याच पायरीला अडकलोय. नुसतं शेजारून चालत नाही. मी निघालो की हा जागच्या जागी उभा. दोरी ओढली की मान वर, अजून ओढली की पुढचे दोन्ही पाय वर. काल टाप खांद्याला चाटून गेली. मागे सरकवणं तर लांबच राहिलं. पाऊस उघडतो तेवढाच वेळ मिळतो आणि चवथीला घर माणसांनी भरेल, मुलं असणार, तोवर हे सुटायला हवं. "ट्रेनर लावा" कृपया सांगू नका, इथे मिळत नाही. नेमकं काय करू तेवढं सांगा.

कासरा
वय? खच्ची केलाय का? दोरी म्होरकीला (तोंडात लोखंड नसलेल्या पट्ट्याला) आहे की लगामाला? लांबी किती? तुम्ही उभे कुठे राहता, समोर की खांद्याजवळ? आधी कोणाकडे होता, काय काम करायचा? एवढं कळल्याशिवाय "नेमकं" कसं सांगणार?

रिसालदार
एवढ्या चौकशा कशाला? घोड्याला काम नाही, म्हणून अंगात मस्ती आहे. लंजिंग करा. पंचवीस फुटी दोरी, हातात लांब चाबूक, सकाळी अर्धा तास गोल गोल दुडकीवर, दोन्ही बाजूंनी. घामाघूम झाला की मेंढरू होतो. आमच्याकडे कोल्हापुरात सगळे हेच करतात.

पागेतली_ताई
रिसालदार, जो घोडा शेजारून चार पावलं चालत नाही त्याला पंचवीस फुटांवर सोडायचं? चिखलात, छोट्या वर्तुळात, अर्धा तास? सांध्यांची वाट लागेल. वर घोडा दमत नाही, दमसास वाढतो. महिन्याभराने तोच हट्टी घोडा, फक्त पैलवान झालेला.

रिसालदार
ताई, पुस्तकं वाचून घोडे वळत नाहीत.

पागेतली_ताई
पुस्तक नाही हो. रोज शेण काढते.

चिरेखाण_डिचोली
वय सहा, असं विकणारा म्हणाला. खच्ची केलेला नाही. दोरी पाच-सहा फूट, त्याच्यासोबत आला तोच लगाम आहे. मी समोर उभा राहूनच ओढतो, नाहीतर कुठून ओढणार? लंजिंग करून पाहिलं, दोरी ताणली की तिथेही पाय वर. आधी कुठे होता याचा इथे काय संबंध?

वाळपई_वारा
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, घोडे गोव्याला नवे नाहीत. पोर्तुगीज 1510 मध्ये आले त्याच्या आधीपासून अरबस्तानातून, होर्मुझहून गलबतांनी घोडे गोव्यात उतरत आणि घाट चढून विजयनगरला जात. कृष्णदेवरायाला घोडे हवेच असत. आणि आमच्या सत्तरीत, तुमच्या डिचोलीत शिगम्याला घोडेमोडणी होतेच की. कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार. तो घोडा मात्र ओढला तरी पाय उचलत नाही.

हळदोणकर
खोगीर घेताना मापाचं घ्या. मारवाडी घोड्याची पाठ अरुंद, रुंद खोगीर सरकतं आणि पाठ सोलते. शिवाय समुद्रावर फिरवणार असाल तर पंचायतीत आधी चौकशी करा.

कासरा
हळदोणकर, ते बसायचंच नाही म्हणतायत अजून.
चिरेखाण, एक विचारतो. नुकरा आहे, नर आहे, दोरी ताणली की पाय उचलतो. वरातीचा घोडा होता का?

चिरेखाण_डिचोली
हो, बेळगावकडे लग्नात नाचायचा. म्हणून तर स्वस्तात मिळाला नाही. बँड, फटाके, गर्दी, कशालाच बुजत नाही. ग्राउंडवर्कला हे चांगलंच ना?

पागेतली_ताई
घ्या. हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

कासरा
तुमचा घोडा हट्टी नाही, आज्ञाधारक आहे. नाचवताना दोरी वर ताणतात आणि पुढच्या पायांना काठी लावतात. पाय उचलला की ताण सुटतो. म्हणजे ताणाचं उत्तर "पाय वर" हे त्याला नीट शिकवलेलं आहे. तुम्ही ओढता, तो उचलतो, तुम्ही घाबरून दोरी सैल सोडता. रोज तोच धडा गिरवला जातोय.

आता करायचं असं. तो लगाम काढून ठेवा. रुंद पट्ट्याची म्होरकी घाला, बारा फुटी जाड सुती दोरी. हातात मोजे घाला, पण दोरी हाताला कधीही गुंडाळू नका. समोर उभं राहायचं नाही. कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या मागचं त्याला दिसत नाही, आणि उठला तर टापा तिथेच येतात. खांद्याच्या बाजूला राहा.

पुढे ओढणं बंद. दोरी सैल ठेवा आणि लांब काठीने त्याच्या मागच्या बाजूला, मांडीवर, हळू हळू टकटक करा. मारायचं नाही, नुसतं कंटाळवाणं टकटक. एक पाऊल टाकलं की त्या क्षणी थांबायचं. शिकवतं ते थांबणं, टकटक नव्हे. दोन पावलांवर समाधान माना.

दुसरं, मागचा भाग बाजूला सरकवायला शिकवा. दोन्ही पायांवर उठायला घोड्याला मागचे पाय घट्ट रोवावे लागतात. एक मागचा पाय दुसऱ्यासमोरून ओलांडत असेल तर उठणं कठीण जातं. त्याचं डोकं थोडं तुमच्याकडे, काठी मागच्या मांडीकडे, पाय ओलांडला की सोडा. दोन्ही बाजूंनी. हे बसलं की पाय उचलायची चिन्हं दिसताच तुमच्याकडे उपाय असेल. तरी उठलाच तर ओढू नका, दोरी सोडत बाजूला व्हा.

मान खाली घेणं तिसरं. कानांच्या मागे हात ठेवून अगदी हलका दाब, बोटभर खाली आला की हात काढा. मान वर असली की तो नाचाच्या तयारीत असतो. मागे सरकवणं या सगळ्यानंतर. आत्ता मागे रेटलंत तर वरच जाईल.

दहा-पंधरा मिनिटं पुरे.

रिसालदार
टकटक करत बसा चवथीपर्यंत. पण नाच्या घोडा असेल तर लंजिंग आत्ता नको, एवढं मान्य.

गुरांचा_डॉक्टर
शिकवण्याआधी तोंड तपासून घ्या. वरातीच्या घोड्यांना अनेकदा काटेरी लगाम घालतात. 1965 च्या ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या नियमांत काटेरी लगामाला बंदी आहे, तरी वापरतात. जिभेवर, ओठांच्या कोपऱ्यांत जखमा किंवा जुने वण आहेत का बघा. दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील तर डोक्याला नुसता हात लावला तरी मान फेकेल. वयही दातांवरून कळेल, विकणाऱ्याचं सहा म्हणजे कधी कधी बारा. आणि धनुर्वाताची लस दिली होती का? त्याला आणि तुम्हालाही.

वाळपई_वारा
चवथीला घुमट वाजवून आरती सुरू झाली आणि हा नाचायला लागला तर?

पागेतली_ताई
गंमत नाही, तेच होणार. ठेका त्याच्यासाठी हुकूम आहे. चवथीचे दिवस त्याला वाजवण्यापासून लांब बांधा, मुलांना दोरी देऊ नका. टाळ्या वाजवून, जीभ टाळ्याला लावून चालवायची सवय असेल तर तीही सोडा. आणि कासरा, हे सगळं चवथीपर्यंत होईल असं त्यांना वाटू देऊ नका.

कासरा
मी कुठे म्हटलं? शेजारून चालणं जमेल. सवय मोडायला हिवाळा जाईल.

चिरेखाण_डिचोली
लगाम काढून बघितला. आतल्या बाजूला खरंच टोकं आहेत, ओठाच्या कोपऱ्यात वण आहे. आता म्होरकीवर आहे. टकटक करून अंगणातून माडांपर्यंत चालला, पाय उचलले नाहीत. मागचा भाग उजवीकडे सरकतो, डावीकडे अजिबात नाही. डावीकडे काय करायचं? अंगणात ओल्या चिऱ्यांवर घसरतोही.

कासरा
चिऱ्यांवर नकोच, शेवाळ धरलेलं असतं. माडांखालची वाळूमिश्रित जागा घ्या. डावीकडे ताठ असेल तर एक दिवस फक्त वजन त्या बाजूला टाकलं तरी सोडा. पाय नंतर येईल. पण त्याच बाजूचा मागचा खूर उचलून बघा, दुखत असेल तर ओलांडणार नाही.

गुरांचा_डॉक्टर
पावसात हमखास. खुराच्या तळाचा मऊ त्रिकोणी भाग काळा पडून घाण वास येत असेल तर कुजलाय. रोज साफ करून कोरडा ठेवा, तबेल्यात ओला पेंढा नको.

चिरेखाण_डिचोली
वास येतोय. नालही सैल वाटतो. डिचोली, साखळी, म्हापसा, कुठेही नालबंद माहीत आहे का कुणाला? ट्रेनरसारखं "बेळगावहून बोलवा" सांगू नका, तो येतो म्हणतो आणि येत नाही.

हळदोणकर
तोवर खोगिराचं माप घेऊन ठेवा.