चर्मपत्रावरचे दस्त लॅमिनेट करू नका
इंग्लंडमधल्या घराचे जुने दस्त लॅमिनेट करून काउंटी रेकॉर्ड ऑफिसला (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या दफ्तरखान्याला) द्यावेत, असं कुणी सुचवलं तर कृपया तसं करू नका! हे दस्त बहुधा चर्मपत्रावर, म्हणजे लिहिण्यासाठी तयार केलेल्या जनावराच्या कातड्यावर असतात. लॅमिनेशनच्या उष्णतेनं कातडं आकसतं, कडक होतं, मग पूर्ववत होत नाही. सेलोटेपही नको, गोंद पिवळा पडून आत मुरतो. घड्या जबरदस्तीनं उलगडू नका, मेणाच्या मोहरेवर वजन येऊ देऊ नका. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोज्यांत बोटांना अंदाज येत नाही आणि कडा फाटतात. दस्त आम्लरहित खोक्यात ठेवा, हवेतली आर्द्रता ३५ ते ६० टक्के हवी. माळा आणि तळघर दोन्ही वाईट. गठ्ठ्यातला क्रम मात्र अजिबात मोडू नका, कुठला कागद कुठल्या व्यवहाराचा हे त्यावरूनच कळतं. इंग्लंडमधल्या १९२५च्या मालमत्ता कायद्यानं मालकीचा पुरावा ३० वर्षांपुरता पुरेसा ठरला, आणि त्याहून जुने असंख्य दस्त फेकले गेले. रेकॉर्ड ऑफिसला देताना देणगी (कायमची दिलेली) की ठेव (मालकी तुमचीच, फक्त सांभाळायला दिलेली), हे लेखी ठरवा.