ॲनिमेशनपटांतलं ‘आपलं’ पात्र नेमकं कोणतं, हे ठरवायचं कसं?

निळीशाई

‘तुम्ही फ्रोझनमधल्या कोण?’ छापाच्या क्विझ दिसल्या की माझा हात थांबत नाही. परवा एक सोडवली. आवडता ऋतू? थंडी. पार्टीत कुठे सापडाल? कोपऱ्यात. झालं, एल्सा. लगेच दुसरी उघडली, जपानच्या घिबली स्टुडिओच्या ॲनिमेशनपटांची. तिथे आवडता प्राणी मांजर म्हटल्याबरोबर मांजर घेऊन फिरणारी छोटी चेटकीण किकी आली. मांजर काढून ड्रॅगन टाकला, बाकी सगळी उत्तरं तीच ठेवली, तर ड्रॅगन होणारा हाकू! म्हणजे माझा सगळा स्वभाव त्या एका मांजरावर लटकलाय.

मला स्वतःला मी घिबलीच्याच ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मधली नायिका सोफी वाटते. धाकट्या भावाला विचारलं तर मान वर न करता म्हणाला, “तू? कॅल्सिफर.” ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: कॅल्सिफर म्हणजे चुलीत राहणारा अग्नीचा राक्षस. हाउल या जादूगाराचा अख्खा चालता वाडा त्याच्या जिवावर चालतो आणि तो चालवताना सतत कुरकुरत असतो. सोफी येऊन त्याच्या डोक्यावर तवा ठेवते तेव्हाही आधी तणतण, मग मुकाट्याने रांधू देणं.

आता ऑफिसात कुणी रजेवर गेलं की त्याचं काम माझ्याकडे येतं, मी ते करते आणि दुपारभर त्याबद्दल बोलते, हे खरं आहे. पण म्हणून कॅल्सिफर?

तर प्रश्न असा, की ऐकायचं कुणाचं? क्विझचं, भावाचं की माझं? तुम्ही तुमचं पात्र कसं ठरवलंत?

आकडेमोड

क्विझ बाद. त्यात प्रत्येक पर्यायामागे कुठल्या तरी पात्राचे गुण लावलेले असतात, ज्याची बेरीज जास्त तो निकाल. प्रश्न पाच-सहाच असले की एक उत्तर बदललं तरी पारडं फिरतं. तुमच्या मांजराचं तेच झालं.

आणि निकाल पटतो, कारण तो पटावा असाच लिहिलेला असतो. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि ‘हे तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून प्रत्येकाच्या हाती एकेक कागद दिला. वर्णन किती जुळतं याला त्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कागद सगळ्यांना एकच होता. मजकुराचा बराचसा भाग राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला.

‘तुम्ही बाहेरून शांत, पण आतून हळव्या आहात’ हे एल्साच्या निकालात असणारच. कोण नसतं हो तसं? करून बघा: त्याच क्विझमधले इतर निकालही वाचा, नावं झाकून. तेही पटले तर समजायचं काय ते समजा.

उंबरठा

आकडेमोड यांना +१, पण नुसती क्विझ बाद करून भागत नाही. आधी नायक-नायिका बाद करा.

नायिका ऐसपैस बनवलेली असते. कुणीही तिच्यात जाऊन बसावं म्हणूनच कॅमेरा तिच्यामागे फिरतो. ‘एन्कांटो’ (२०२१) बघून आलेल्या कुणालाही विचारा, प्रत्येक जण मिराबेल. घरात सगळ्यांना काही ना काही वरदान, मलाच नाही! अरे, मग बाकीचं कुटुंब कुठे गेलं? थोरामोठ्यांची ओझी उचलणारी लुइसा कुणीच नाही? सगळं सुबक दिसावं म्हणून मन मारणारी इसाबेला?

मी ब्रूनो निघालो, मिराबेलचा मामा. कुटुंब सोडून गेला असं सगळे समजतात, पण हा तिथेच, भिंतींच्या आत. पडलेल्या भेगा बुजवत बसतो. जेवणघराच्या भिंतीला लागून त्याने आपलं टेबल मांडलंय आणि त्यावर स्वतःची थाळी चितारलीय, फटीतून पलीकडची पंगत दिसते. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा प्रत्येक मेसेज मी वाचतो, वाढदिवस लक्षात ठेवतो, उत्तर मात्र क्वचित देतो. ते दृश्य आलं आणि मी उगाच उठून पाणी प्यायला गेलो. असं ज्या पात्रापाशी उठून जावंसं वाटतं, ते आपलं. जे आवडतं ते बहुतेक वेळा आपल्याला व्हायचं असतं.

जाता जाता, सगळ्यात प्रामाणिक पात्र म्हणजे घिबलीच्या ‘स्पिरिटेड अवे’मधला मुखवटेवाला नो-फेस. हव्यासाने भरलेल्या स्नानगृहात तो माणसं गिळत सुटतो, आणि झेनिबा या चेटकिणीच्या घरी गेल्यावर गुपचूप सूत कातत बसतो. क्विझवाला यातला कुठला नो-फेस धरणार?

फटकळ

उंबरठा, तुझा नियम सोफीला लागू पडत नाही. नायिका असून ती अजिबात ऐसपैस नाही. शापाने नव्वदीची म्हातारी झाल्यावर तिला हायसं वाटतं, हे किती जणींना जमेल? झोपेत ती तरुण दिसते. राजाच्या जादूगारीण सुलिमानसमोर हाउलची बाजू घेऊन भांडताना सुरकुत्या हळूहळू पुसल्या जातात. आणि फुलांच्या कुरणात हाउल ‘तू सुंदर आहेस’ म्हणतो, की क्षणात पुन्हा म्हातारी! शापाबरोबर तिची स्वतःबद्दलची समजूतही काम करत असते.

डायना विन जोन्स यांची मूळ कादंबरी (१९८६) वाचली असेल तर तिथली सोफी आणखी तिखट आहे. तीन बहिणींत थोरली. परीकथांत थोरलीचं कधी भलं होत नाही, म्हणून तिने नशीब काढायचा नादच सोडलेला.

शाई, दोन प्रश्नांची उत्तरं दे. तू थोरली का? आणि कुणी कौतुक केलं की काय करतेस?

निळीशाई

थोरली आहे. ड्रेस छान आहे म्हटलं की किंमत सांगते आणि कुठे शिवण उसवलीय तेही दाखवते.

आकडेमोड, नावं झाकून निकाल वाचले. खलनायकाचाही पटला. उंबरठा, तुमची कसोटी लावली, तर उठून जावंसं वाटलं ते केस बिघडल्यावर अंगभर हिरवा चिखल पाझरत बसलेल्या हाउलपाशी. याबद्दल इथे अधिक बोलणार नाही.

भावाला म्हटलं, हाउलशी केलेल्या करारातून सुटका झाल्यावर कॅल्सिफर आपणहून परत येतो, तेवढं तरी लक्षात ठेव. तर म्हणे, “येतो ना, पण पाऊस येईलसं वाटतंय हे निमित्त सांगत.” काय बोलणार?

उंबरठा

सोफी अपवाद, मान्य. नियम मागे घेत नाही.

फटकळ, दुसऱ्यांची पात्रं फार छान ओळखतेस. तुझं कोणतं?

फटकळ

युबाबा, ‘स्पिरिटेड अवे’मधली त्या स्नानगृहाची खाष्ट मालकीण. विचारलंस म्हणून सांगितलं, आता चर्चा नको. हलकेच घे.

आकडेमोड

हे मात्र कुठल्याही क्विझशिवाय ठाऊक होतं.